सरळ जाणारा फेअरवे ड्रायव्हर कुठला घ्यावा? बेळगाव भागातल्या डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमची पाच-सहा जणांची टोळी बेळगावच्या पश्चिमेकडच्या माळावर डिस्क फेकायला जाते. कधी खानापूरचे दोघं येतात, कधी निपाणीहून एखादा. नवा माणूस आला की पहिल्या तासात तेच प्रश्न निघतात आणि त्यातले निम्मे फेअरवे ड्रायव्हरबद्दलचे असतात. आपल्याकडं डिस्क गल्लीतल्या खेळाच्या दुकानात मिळत नाही. ती लांबून मागवावी लागते, डिस्कच्या किमतीवर पाठवणावळ चढते, आणि चुकीची आली तर कपाटात पडून राहते. म्हणून ही उत्तरं लिहून ठेवतोय.

ही साधी फ्रिस्बीच ना?

नाही. दिसायला ताटलीच, पण काठ वेगळा. बागेत खेळायच्या फ्रिस्बीचा काठ गोलसर आणि जाड असतो. गोल्फच्या डिस्कचा काठ उतरता, धारेसारखा असतो, त्यामुळं ती हवा कापत जाते. असा उतरत्या काठाचा पहिला साचा 1983 साली डेव्ह डनिपेस यांनी आणला आणि त्यातूनच इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. खेळ त्याआधीचा आहे. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथं 1975 मध्ये एड हेड्रिक यांनी पहिलं कायमचं मैदान आखलं, आणि आज सगळीकडं दिसते ती साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. नियम गोल्फचाच: ठरलेल्या जागेवरून फेकत फेकत बास्केटपर्यंत जायचं, कमीत कमी फेकीत.

आमच्याकडं बास्केट नाही. झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर लाल फडकं बांधतो. फडक्याला डिस्क लागली की ते होल, म्हणजे खेळाचा तेवढा टप्पा, संपलं.

फेअरवे ड्रायव्हर म्हणजे नेमकी कुठली डिस्क?

पटर जवळच्या फेकीसाठी, मिड-रेंज मधल्या अंतरासाठी, डिस्टन्स ड्रायव्हर सगळ्यात लांब. फेअरवे ड्रायव्हर मिड-रेंज आणि डिस्टन्सच्या मधला. साधारण 6 ते 9 स्पीडच्या डिस्क या गटात येतात. स्पीडचा आकडा मुख्यतः काठाच्या रुंदीवर ठरतो. इनोव्हाच्या टीबर्डसारख्या फेअरवे ड्रायव्हरचा काठ 1.7 सेंटिमीटरच्या आसपास, तर रुंदीची नियमाची मर्यादा 2.6 सेंटिमीटर. अरुंद काठ लहान हातातही नीट बसतो. आमच्यातल्या दोन शाळकरी मुलींना मिड-रेंजनंतर थेट हीच डिस्क दिली आणि त्या दोन महिन्यांत सरळ फेकायला लागल्या.

डिस्कवरचे चार आकडे कसे वाचायचे?

क्रम असा: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. स्पीड म्हणजे ती नीट उडायला किती वेगानं फेकावी लागते. ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगते. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीवरून आडवा ओढून फेकली असं धरून, टर्न म्हणजे सुरुवातीच्या वेगात ती उजवीकडं किती कलते. हा आकडा उणे असतो आणि उणे जितकं मोठं तितकी ती जास्त कलते. फेड म्हणजे शेवटी वेग पडल्यावर डावीकडं किती वळते.

टीबर्डवर 7, 5, 0, 2 असे आकडे असतात. म्हणजे सुरुवातीला सरळ, शेवटी थोडी डावीकडं. इनोव्हाच्याच लेपर्डवर 6, 5, -2, 1: आधी उजवीकडं कलते, मग हळूच परत येते. त्यांच्याच फायरबर्डवर 9, 3, 0, 4: वेग कमी होताच डावीकडं जोरात वळते.

'स्टेबल' म्हणजे काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खरंय, आणि सगळ्यात जास्त पैसे याच शब्दापायी वाया जातात. काही जण 'स्टेबल' म्हणजे सरळ जाणारी असं धरतात. काही जण वाऱ्यालाही न जुमानता डावीकडंच वळणारीला 'एकदम स्टेबल' म्हणतात. तिला खरं म्हणजे ओव्हरस्टेबल म्हणायला हवं. उजवीकडं कलणारी ती अंडरस्टेबल. पुढं मी 'जास्त स्टेबल' म्हणतो तेव्हा ओव्हरस्टेबलकडं झुकणारी असं समजा. माझी पहिली ड्रायव्हर अशाच गोंधळातून आली. 'स्टेबल घे' असं एका जाणत्यानं सांगितलं आणि मी फायरबर्ड घेतली. हातात ताकद नव्हती, आणि तिसऱ्या फेकीला ती डावीकडच्या उसात गेली. तास-दीड तास ऊस पालथा घातला तेव्हा सापडली. डिस्क उत्तम होती, पण माझ्या हातासाठी नव्हती.

कारण समजून घ्यायचं असेल तर भोवरा आठवा. जोरात फिरतो तोवर भोवरा ताठ उभा राहतो, फिरणं मंदावलं की डुलायला लागतो, कारण फिरणारी वस्तू सहजासहजी कलत नाही. डिस्कचंही तसंच. ती वेगात असते तेव्हा हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या जरा मागं असतो, म्हणजे मागची कड वर उचलली जायला बघते. वेग कमी झाला की तो जोर पुढं सरकतो आणि पुढची कड उचलायला बघतो. पण डिस्क गरगर फिरत असते, त्यामुळं पुढची कड खाली-वर न होता सगळी डिस्क आडवी कलते. बॅकहँडला आधी उजवीकडं, नंतर डावीकडं. साच्याचा घाट, काठाची उंची, वरचा फुगवटा यांवरून हे कलणं किती आणि कधी होणार ते ठरतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा सांगतो. डिस्कवरचे आकडे ती नीट वेगानं फेकली असं गृहीत धरून छापलेले असतात. तुमच्या हाताचा वेग त्याहून कमी असेल तर 'टर्न' येतच नाही, फक्त 'फेड' दिसते. म्हणजे जी डिस्क मुरलेल्या खेळाडूच्या हातून सरळ जाते, तीच नव्याच्या हातून डावीकडं पडते. स्टेबल ही गोष्ट डिस्क आणि तुमचा हात यांच्यातली आहे, एकट्या डिस्कची नाही.

मग मी नेमकी कुठली घेऊ?

आधी तुमची फेक मोजा. टेप लागत नाही. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटरची असते; मैदानावर खेळपट्टी पावलांनी मोजून ठेवा आणि किती खेळपट्ट्या फेक जाते ते बघा. मिड-रेंजनं, सपाट जागी, वारा नसताना दहा फेका टाका. सगळ्यात लांबची सोडा. दहातल्या मधल्या चार-पाच जिथं पडतात ते तुमचं अंतर.

तीन खेळपट्ट्यांच्या आत, म्हणजे 60 मीटरच्या आत असाल तर लेपर्डसारखी थोडी उजवीकडं कलणारी डिस्क घ्या. तुमच्या वेगाला तीच सरळ जाते. लॅटिट्यूड 64 या कंपनीची रिव्हर (7, 7, -1, 1) पण चालेल. तिचा ग्लाइड इतका आहे की हळू फेकीलाही ती तरंगत राहते. वाऱ्यात मात्र तिला सांभाळावं लागतं.

तीन ते चार खेळपट्ट्यांच्या दरम्यान असाल तर इनोव्हाची टीएल (7, 5, 0, 1) किंवा अ‍ॅक्सिऑम कंपनीची क्रेव्ह (6.5, 5, -1, 1). सीमाभागातल्या बहुतेक नव्या खेळाडूंना मी यांपैकीच एक सुचवतो.

चार खेळपट्ट्यांच्या पुढं नियमानं जात असाल तर टीबर्ड, किंवा लॅटिट्यूड 64 ची एक्सप्लोरर. दोघींचे आकडे सारखेच, 7, 5, 0, 2. बारा वेळा जगज्जेता झालेल्या केन क्लायमो याच्या नावाची टीबर्ड निघते, ती उगीच नाही. एवढ्या वर्षांत शेकडो नवे साचे आले, तरी सरळ फेअरवे ड्रायव्हर कसा असावा हे समजावायचं झालं की लोक अजून टीबर्डच दाखवतात.

हे हिशेब माझ्या अनुभवातले आहेत. पाच-दहा मीटर इकडं-तिकडं झालं म्हणून अडून बसू नका.

12-13 स्पीडची घेतली तर आणखी लांब जाणार नाही का?

नव्या हातातून नाही जाणार. वेग पुरेसा नसला की ती लवकर डावीकडं वळते आणि फेअरवे ड्रायव्हरपेक्षा आखूड पडते. शिवाय तिचा रुंद काठ धरायच्या नादात मनगट बिघडतं.

सरळ म्हणून घेतलेली डिस्क माझ्या हातून डावीकडंच जाते. डिस्क खराब आली का?

शक्यता फार कमी. आधी नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड बघा. डिस्क सोडताना पुढची कड वर असली की ती वर चढते, वेग गमावते आणि डावीकडं पडते. दहातल्या आठ नव्यांची अडचण हीच असते, आणि ते दोष डिस्कला देतात. मित्राला बाजूनं मोबाइलवर शूटिंग करायला सांगा आणि हातातून सुटतानाचं चित्र थांबवून बघा. पुढच्या कडेखालचा भाग दिसत असेल तर नाक वर आहे. फेकताना मनगट जरा खाली वळवा, जसं कुलपात किल्ली फिरवतो तसं, आणि डिस्क छातीच्या उंचीवरून सपाट ओढा.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरणं. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवलेल्या माणसाला हे लगेच कळतं: जोर सगळा शेवटच्या क्षणी लागायला हवा. हात सुरुवातीलाच झटकला तर डिस्क पुरेशी फिरत नाही आणि न फिरणारी डिस्क कुठल्याही साच्याची असो, डळमळते.

हे दोन्ही सुधारूनही ती डावीकडंच जात असेल तर मग तुमच्या वेगाला ती जास्त ओव्हरस्टेबल आहे. ठेवून द्या, सहा महिन्यांनी पुन्हा काढा.

पावसाळ्यातल्या वाऱ्यात कुठली चालेल?

जून ते ऑगस्ट आपल्याकडं पश्चिमेचा वारा कसा असतो ते सांगायला नको. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आषाढात उभं राहिलेल्याला माहीत आहे. समोरून वारा असला की डिस्कला हवा जास्त वेगानं लागते, म्हणून ती जास्त वेगानं फेकल्यासारखी वागते: सरळ जाणारी उजवीकडं कलते, अंडरस्टेबल तर पार उलटून जमिनीवर घरंगळते. पाठीमागून वारा असला की उलट. डिस्क लवकर खाली येते आणि लवकर डावीकडं वळते.

म्हणून समोरच्या वाऱ्यात एक पायरी जास्त स्टेबल डिस्क घ्यायची. एरवी टीएल फेकत असाल तर टीबर्ड, एरवी टीबर्ड तर इनोव्हाची ईगल (7, 4, -1, 3) किंवा फायरबर्ड. फेक खाली ठेवा, डोक्याच्या वर जाऊ देऊ नका. आणि जोर वाढवू नका. वारा दिसला की माणूस दात-ओठ खाऊन फेकतो, त्यानं डिस्क आणखीच उलटते. पाठीमागच्या वाऱ्यात लेपर्ड काढा, ती तेव्हा सुरेख सरळ जाते.

डिस्क ओली असली की बोटांतून निसटते आणि फिरकी कमी होते, मग तीही डावीकडं पडते. दोन सुती फडकी जवळ ठेवा, एक डिस्कला, एक हाताला, आणि हाताचं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं राहील असं बघा. नवी डिस्क पारखायची असेल तर पावसाळ्यात पारखू नका. दिवाळीनंतर सकाळी वारा पडलेला असतो. आकडे खरे की खोटे ते तेव्हा कळतं.

प्लास्टिक कुठलं घ्यावं? स्वस्तातलं चालेल का?

इथं आपल्या जमिनीचा विचार करावा लागतो. इनोव्हाचं उदाहरण घेतो. डीएक्स हे स्वस्त, पकडीला छान, पण मऊ. चॅम्पियन कडक, अर्धपारदर्शक, टिकाऊ. स्टार टिकाऊ, आणि पकडही बरी. एकाच साच्याची डिस्क चॅम्पियनमध्ये साधारण जरा जास्त स्टेबल निघते आणि तशीच दीर्घकाळ राहते. डीएक्सच्या काठाला ओरखडे पडत जातात तशी ती हळूहळू अंडरस्टेबल होत जाते.

खानापूरकडच्या माळावर जागोजागी जांभा दगड वर आलेला आहे. त्यावर घासून डीएक्सच्या काठाचे बारीक धागे निघतात. माझ्या एका डीएक्स टीबर्डचा एकाच मोसमात असा काठ झाला की ती लेपर्डसारखी उडायला लागली. पूर्वेकडं काळ्या जमिनीत, हिरव्या गवतावर खेळणाऱ्यांना तेच प्लास्टिक कितीतरी जास्त टिकतं. म्हणून जांभ्यावर खेळणार असाल तर स्टार किंवा चॅम्पियन, गवतावर खेळणार असाल तर डीएक्सनं सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

घासली गेलेली डिस्क टाकून मात्र देऊ नका. ती तुमच्याकडची नवी अंडरस्टेबल डिस्क झालेली असते, आणि तीही फुकट.

वजन किती असावं?

नियमानं व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम. ड्रायव्हरचा व्यास 21 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून 175 ग्रॅमच्या जवळपास वजन संपतं. नव्या माणसानं 165 ते 170 घ्यावी. हलकी डिस्क कमी वेगानंही उडते आणि वळायला सोपी असते. जड डिस्क वाऱ्यात टिकते. माझ्या पिशवीत वाऱ्यासाठी एक 174 ची आहे, बाकी सगळ्या 170 च्या आतल्या.

मी क्रिकेट खेळून आलोय, फोरहँड सोपा वाटतो. मला वेगळी डिस्क लागेल का?

आपल्याकडं बऱ्याच जणांचं असंच आहे. सीमारेषेवरून चेंडू फेकायची सवय असते, मग हात बाजूनं फिरवायला सोपा जातो. फोरहँडला सगळं आरशातल्यासारखं होतं: टर्न डावीकडं, फेड उजवीकडं. पण त्यात मनगट वळून डिस्क डळमळत सुटायची सवय लवकर लागते, आणि डळमळती डिस्क लगेच उलटते. म्हणून फोरहँडसाठी बॅकहँडपेक्षा एक पायरी जास्त स्टेबल घ्या. लेपर्डनं फोरहँड शिकू नका. टीबर्डनं शिका आणि ती उलटायची थांबली की समजा हात बसला.

डावखुऱ्यानं काय करावं?

डिस्क तीच. वर जिथं जिथं उजवं म्हटलंय तिथं डावं वाचा.

एका कंपनीची 7 स्पीड आणि दुसऱ्या कंपनीची 7 स्पीड सारखीच असते का?

सारखी असेलच असं नाही. हे आकडे ज्या त्या कंपनीचे स्वतःचे असतात. शिवाय एकाच साच्याच्या दोन खेपांत फुगवटा आणि काठाची उंची थोडी वेगळी येते. शक्य असेल तर हातात घेऊन बघा: सपाट टेबलावर ठेवा आणि काठाची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, टेबलापासून किती वर आहे ते दुसऱ्या डिस्कशी ताडून बघा. शिवण वर असेल तर बहुधा ती जास्त स्टेबल.

चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो तर माझी डिस्क वेगळी का उडते?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ. दाट हवेत डिस्क जास्त तरंगते आणि जास्त कलते, म्हणून किनाऱ्यावर तीच डिस्क थोडी अंडरस्टेबल वाटते. फरक लहान आहे. किनाऱ्यावरचा वारा त्याहून कितीतरी मोठा फरक करतो.

रंग कुठला?

गुलाबी किंवा निळा. पावसात हिरवी आणि माघ-फाल्गुनात पिवळी, केशरी डिस्क गवतात दिसत नाही. लाल मातीत लालही नको.

फेकायचं कुठं?

जिथं माणसं नाहीत तिथं. डिस्कचा काठ डोक्याला लागला तर फुटतं. टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोत झाडं मोहात पाडतात, पण सकाळी तिथं फिरायला येणारी वडीलधारी माणसं असतात. तिथं ड्रायव्हर काढू नका. शेतात पीक उभं असेल तर बांधावरही नको, आणि पीक निघाल्यावरही मालकाला विचारूनच. आमच्या माळाशेजारच्या शेताचे मालक कन्नड बोलणारे आजोबा आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, 'ही तट्टे कसली?' एक फेकून दाखवली, त्यांना एक फेकायला दिली, आणि तेव्हापासून डिस्क त्यांच्या बाजूला गेली की तेच उचलून बांधावर ठेवतात. भीमगडच्या बाजूला अभयारण्य आहे, तिकडं जायचंच नाही.

शेतातल्या उघड्या विहिरी आधी बघून ठेवा. बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात. गेलेली डिस्क काढायला मुलांना विहिरीत उतरू देऊ नका, कितीही महागाची असली तरी.

एक घेतली, बसली हातात. आता दुसरी कुठली?

तीच. त्याच साच्याची, त्याच प्लास्टिकची, वेगळ्या रंगाची. जुनी घासून सैल होत जाईल तशी नवी तिच्यापेक्षा स्टेबल राहील, आणि तुमच्याकडं एकाच पकडीच्या दोन वेगळ्या उडणाऱ्या डिस्क होतील: समोरच्या वाऱ्याला नवी, पाठीमागच्या वाऱ्याला जुनी. माझ्या पिशवीत आज तीन टीबर्ड आहेत. सगळ्यात जुनी, जांभ्यानं काठ खाल्लेली, मी शेवटच्या होलला काढतो. तिथं वाट उजवीकडं वळते आणि मध्ये काजूचं झाड आहे. नवी टीबर्ड त्या झाडावर जाऊन आदळते. जुनी मात्र त्याला वळसा घालून बरोब्बर फडक्याशी जाते.